लाकडी जिप्सी मॉथ : सागवान का चालत नाही, विमान उडते कसे आणि वऱ्हाडातल्या हवेत त्याचे काय होते

विचारणा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका आयटीआयच्या सुतारकाम विभागाची आहे. विद्यार्थ्यांना जिप्सी मॉथ या जुन्या विमानाच्या पंखाचा एक तुकडा पूर्ण मापात करून पाहायचा आहे. त्यांचे प्रश्न तीन आहेत. विमान खरोखर लाकडाचे होते काय, आणि होते तर आपले सागवान त्याला का चालत नाही? ते उडायला कसे होते? आणि असे विमान आपल्याकडे ठेवले तर इथल्या उन्हापावसात त्याचे काय बिघडेल? तिसऱ्या प्रश्नाला मी जास्त जागा देणार आहे. लाकडी विमान हवेत क्वचित मोडते. ते शेडमध्ये उभ्या उभ्या खराब होत जाते आणि मग एक दिवस हवेत ते दिसून येते.

आधी इतिहास, थोडक्यात. डी हॅविलंड कंपनीचे डीएच-६० मॉथ २२ फेब्रुवारी १९२५ रोजी लंडनजवळच्या स्टॅग लेन मैदानावर पहिल्यांदा उडाले. चालवायला स्वतः जेफ्री डी हॅविलंड बसले होते. त्या काळी हलक्या विमानाची खरी अडचण इंजिनाची होती. मोटारसायकलची इंजिने कमी पडत आणि युद्धातली उरलेली इंजिने फार जड होती. फ्रँक हॅलफर्ड यांनी आठ सिलिंडरच्या एका जुन्या इंजिनाचे सिलिंडर घेऊन, निम्म्यातून चार सिलिंडरचे ६० अश्वशक्तीचे सिरस इंजिन उभे केले आणि मॉथला हवे होते तेवढे मिळाले. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने फ्लाइंग क्लबांना मदत देण्याची योजना आणली. क्लबांनी मॉथ घेतली आणि विमान शिकणे लष्कराबाहेरच्या माणसाच्या आवाक्यात आले. जुनी इंजिने संपत आली तेव्हा कंपनीने स्वतःचे जिप्सी इंजिन काढले. १९२८ मध्ये ते मॉथवर बसले आणि डीएच-६०जी, म्हणजे जिप्सी मॉथ तयार झाले. इंजिन १०० अश्वशक्तीचे. त्याचा भरवसा पटवण्यासाठी कंपनीने एक इंजिन सील करून ६०० तास उडवून दाखवले. हे आज साधे वाटते, पण त्या काळात इंजिन बंद पडून वावरात उतरणे ही रोजची गोष्ट होती.

भारतात दिल्ली, कराची आणि मुंबईचे क्लब १९२८-२९ मध्ये मॉथवरच सुरू झाले. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला, तो मुंबईच्या क्लबमधून. पुढच्या वर्षी आगाखान पारितोषिकासाठी भारत-इंग्लंड एकट्याने उडण्याची शर्यत झाली. जे. आर. डी. कराचीहून निघाले होते आणि अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून येत होते. इजिप्तमध्ये अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पींचे विमान स्पार्क प्लगवाचून अडले होते. जे. आर. डीं.नी आपल्याजवळचे प्लग त्यांना दिले आणि शर्यत अस्पींनी जिंकली. दोघांचीही विमाने जिप्सी मॉथ होती. हेच अस्पी १९६० मध्ये भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

सुतारांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट एमी जॉन्सन यांची आहे. मे १९३० मध्ये त्या इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला एकट्या गेल्या, तेही सेकंडहँड जिप्सी मॉथमधून. वाटेत त्यांना झाशीच्या लष्करी परेड मैदानावर उतरावे लागले आणि तिथे पंखाला मार बसला. पुढे रंगूनजवळ इनसिनला मैदानावर उतरताना विमान चरात गेले आणि पुन्हा पंख व प्रोपेलर मोडले. दुरुस्ती झाली ती तिथल्या तंत्रशाळेत, म्हणजे तुमच्यासारख्याच संस्थेत. पंखावर चढवायचे कापड मिळेना, तेव्हा युद्धातल्या विमानाच्या कापडातून शिवलेले सदरे उसवून वापरले. ते विमान आज लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. लाकडी विमानाची मोठी ताकद हीच होती. चांगला सुतार, चांगला सरस आणि एक शिंपी असला की ते पुन्हा उडते करता येत असे.

आता लाकूड. होय, जिप्सी मॉथचा सांगाडा लाकडाचाच आहे. धडाला चार कोपऱ्यांत चार लांब स्प्रूसच्या पट्ट्या, मध्ये आडव्या-उभ्या आणि वरून प्लायवूडचे तक्ते, म्हणजे धड एक लांबट पेटी. पंखात पुढे-मागे दोन स्पार, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या तुळया. हे स्पार स्प्रूसचे, दोन्ही बाजूंनी कोरून आय-आकाराचे केलेले. जिथे बोल्ट जातो तिथे मात्र लाकूड भरीव ठेवलेले. स्पारवर बरगड्या, बरगड्यांवर लिननचे कापड आणि कापडावर डोप, म्हणजे कापड ताणून घट्ट करणारा लेप. थोडे पुढे धातूच्या नळ्यांच्या धडाचे डीएच-६०एम निघाले. १९३१ चे टायगर मॉथसुद्धा धडाने लोखंडी आणि पंखांनी लाकडी आहे. म्हणून जुन्या छायाचित्रात मॉथ दिसले की ते लाकडीच आहे असे धरू नका.

सागवान का नाही? आलापल्लीचे सागवान जगात नावाजलेले आहे आणि दारे-खिडक्या, जहाजाचे डेक यांना त्याच्यासारखे लाकूड नाही. विमानाला मात्र ते तीन कारणांनी नडते.

पहिले कारण वजन. वाळलेल्या स्प्रूसचे वजन घनमीटरला सुमारे ४३० किलो, सागवानाचे सुमारे ६५०. सागवान ताठ जास्त असते हे खरे, पण फार तर पाचव्या हिश्शाने. आता समान वजनाच्या, समान रुंदीच्या दोन पट्ट्या घ्या. स्प्रूसची पट्टी दीडपट जाड होईल. वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो, म्हणून स्प्रूसची पट्टी अडीच ते तीनपट ताठ भरते. पंख बहुधा लाकूड तुटल्याने जात नाही. पातळ भाग दाबाखाली वाकून फुगतो आणि मग तुटतो. तिथे जाडीच कामाला येते. वजनाचा हिशेब आणखी सरळ आहे. जिप्सी मॉथ रिकामे ४१७ किलो आणि भरून साधारण ७५० किलो. दोन माणसे, ८६ लिटर पेट्रोल आणि तेल धरले की शंभरेक किलो शिल्लक राहतात. सांगाड्यात शंभर किलो स्प्रूसच्या जागी तेवढ्याच मापाचे सागवान घातले तर त्यातले पन्नास किलो उडण्याआधीच गेले.

दुसरे कारण सरस. सागवानात नैसर्गिक तेल असते. त्यामुळे ते पाण्यात आणि उधईसमोर टिकते, पण सरस त्याला नीट धरत नाही. चिकटवायचेच असेल तर रंधा मारल्यावर लगेच ॲसिटोनने पुसून, तासाभराच्या आत सांधा शिकंज्यात घ्यावा लागतो. एक रात्र ठेवले की तेल परत वर येते. तिसरे कारण लहान आहे. सागवानात सिलिका असते, रंध्याची आणि पटाशीची धार पटकन जाते आणि सहा मिलिमीटरच्या पट्ट्या काढताना लाकूड फाटते.

स्प्रूस म्हणजे कुठलेही स्प्रूस नव्हे. विमानाच्या प्रतीचे लाकूड निवडताना रेषेचा तिरपेपणा पंधरास एकहून जास्त नसावा, म्हणजे पंधरा सेंटिमीटर लांबीत रेषा एका सेंटिमीटरपेक्षा जास्त कडेला जाऊ नये. वार्षिक वलये दर इंचाला किमान सहा. गाठ, राळेचे खिसे, निळसर डाग असलेला तुकडा बाजूला काढावा. रेषा पाहायला शाईचा एक थेंब लाकडावर सोडा. शाई रेषेने धावते आणि तिरपेपणा उघडा पडतो. स्पारला जोड द्यायचा झाला तर तो तिरका, जाडीच्या बारापट लांब कापलेला असावा. दहापटीखाली कधीच नाही. हिमालयात राय नावाचे झाड आहे. ते स्प्रूसच्याच कुळातले. तुमच्या नमुन्याला ते किंवा बिनगाठीचे देवदारही चालेल. उडणाऱ्या विमानाला मात्र तपासणीचा दाखला नसलेला एक तुकडाही लावता येत नाही.

उडायला कसे, हा दुसरा प्रश्न. आकड्यांनी सुरुवात करतो. पंखांचा विस्तार ९.१४ मीटर, पंखांचे एकूण क्षेत्र सुमारे २२.६ चौरस मीटर. पूर्ण भरल्यावर दर चौरस मीटर पंखावर जेमतेम ३३ किलो येतात. आजच्या सेसना १७२ ला हा आकडा ६८ च्या पुढे आहे. मॉथचा सगळा स्वभाव यातून निघतो. ते ताशी सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरला जमीन सोडते, तेवढ्याच वेगाला टेकते, १३० च्या आसपास रमतगमत चालते आणि एका टाकीत सुमारे ५०० किलोमीटर जाते. नागपूरहून मुंबई एका टाकीत होत नाही. आणि हवेतली प्रत्येक वळवळ त्याला लागते.

एकटा वैमानिक मागच्या जागेवर बसतो, कारण पुढची जागा विमानाच्या तोलावर आहे आणि तिथे माणूस असला-नसला तरी फरक कमी पडतो. मागे बसल्यावर समोर उभ्या सिलिंडरचे इंजिन आणि नाक, पुढचे काहीच दिसत नाही. म्हणून जमिनीवर नागमोडी चालावे लागते, कधी डावीकडून तर कधी उजवीकडून पाहत. ब्रेक नाहीत. शेपटीखाली चाक नसून स्किड, म्हणजे घासत जाणारी पट्टी आहे, आणि ती जमिनीत रुतून जो विरोध करते तोच ब्रेक. डांबरी धावपट्टीवर स्किड घासून जाते, विमान थांबत नाही आणि सरळही राहत नाही. यवतमाळ, अकोला, अमरावती, कुठलीही पक्की धावपट्टी घ्या. मॉथसाठी तिच्या बाजूची गवताची पट्टीच बरी. वारा ताशी वीस किलोमीटरच्या वर असेल तर पंखाच्या टोकाला धरून चालणारा एक माणूस लागतो.

हवेत रडर (शेपटीची पायाने हलणारी उभी फळी) तिखट आणि एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेच्या, स्टिकने हलणाऱ्या फळ्या) सुस्त. एलेरॉन फक्त खालच्या पंखांना आहेत. स्टिक उजवीकडे नेली की डावीकडचा एलेरॉन खाली जातो, तिथे ओढ वाढते आणि नाक वळणाच्या उलट दिशेला सरकते. हे कमी व्हावे म्हणून डी हॅविलंडने वर जाणारा एलेरॉन जास्त आणि खाली जाणारा कमी हलेल अशी रचना केली, तरी दोष पुरता जात नाही. वळण पायाने सुरू करावे आणि हाताने पूर्ण करावे. गोंदियाजवळ बिरसीला किंवा आणखी कुठे आधुनिक, नाकाखाली चाक असलेल्या विमानावर शिकलेल्या मुलांचे पाय झोपलेले असतात. मॉथवर त्यांना पहिले काही तास फक्त पायांचाच अभ्यास द्यावा.

स्टॉल, म्हणजे वेग कमी पडून पंखांची उचल जाणे, सौम्य. वेग ताशी पासष्ट-सत्तर किलोमीटरपर्यंत उतरला की नियंत्रणे ढिली लागतात, तारांचा आवाज मावळतो आणि नाक हळू खाली जाते. काही मॉथना वरच्या पंखाच्या पुढच्या कडेला आपोआप उघडणारे स्लॉट, म्हणजे हवेसाठीच्या फटी होत्या. त्यांच्यावर एलेरॉन शेवटपर्यंत ऐकतात. या सौम्यपणावर भाळून लोक एक गोष्ट विसरतात. दोन पंख, खांब, तारा, उघडी चाके, सगळे हवेला अडते आणि विमान हलके आहे. इंजिन बंद पडले की वेग दोन-तीन सेकंदांत उतरतो. नाक लगेच खाली दाबावे लागते, मग उतरायची जागा शोधावी. आधी जागा शोधत बसलेल्यांनी साठ मीटर उंचीवरून विमाने पाडली आहेत.

उतरताना फ्लॅप, म्हणजे पंखामागून खाली सोडायच्या फळ्या नाहीत. उंची जास्त झाली तर विमान तिरपे धरून, एक पंख खाली आणि उलट पाय देऊन घसरत आणायचे. हे मॉथला फार छान जमते. ताशी नव्वदच्या आसपास या आणि जमिनीलगत स्टिक मागे घेत घेत दोन चाके आणि स्किड एकदमच टेकवा. उडी बसली तर पुन्हा बसवायचा खटाटोप नको, थ्रॉटल पूर्ण देऊन फिरून यावे. खरी परीक्षा टेकल्यानंतरची आहे. वेग कमी होतो, रडरवरून हवा जात नाही, आणि तोलबिंदू चाकांच्या मागे असल्याने शेपूट पुढे यायला बघते. विमान गर्रकन फिरते, बाहेरच्या बाजूचा पंख जमिनीला लागतो. थांबेपर्यंत पाय चालूच ठेवावेत.

आता वऱ्हाडची हवा. नवतपात दुपारी पारा ४५ वर असतो. आपली मैदाने समुद्रसपाटीपासून हजार फूट किंवा थोडी जास्त उंचीवर आहेत. हजार फुटांना हवा १३ अंशांची असेल असे धरून विमानाचे आकडे काढलेले असतात. आपण ३२ अंश वर. दर अंशाला सुमारे १२० फूट, म्हणजे ३,८०० फूट. त्यात मे महिन्यातला कमी दाब धरला की विमानाला वाटते आपण ५,००० फुटांवर उभे आहोत. इंजिनाची ताकद तेरा-चौदा टक्क्यांनी उतरते, प्रोपेलरची पकड ढिली पडते आणि जमीन सोडायला खरा वेग जास्त लागतो. थंडीत दीडशे-दोनशे मीटरमध्ये उठणाऱ्या विमानाला दीडपट धाव धरावी. चढण मिनिटाला पाचशे फुटांवरून तीनशेच्या आसपास येते. समोरच्या धुऱ्यावर बाभळी असतील तर सहाशे मीटरपेक्षा कमी पट्टीवर दोन माणसे घेऊन उडू नये. त्यातच दुपारच्या वावटळी. एवढ्या हलक्या विमानाला वावटळ जमिनीवरूनही उचलते. मेमध्ये उडायचे असेल तर उजाडल्यापासून साडेआठपर्यंत, आणि नंतर विमान दोराने बांधून शेडमध्ये. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत मात्र हीच हवा मॉथसाठी बनवल्यासारखी असते. जानेवारीच्या सकाळी १२ अंशांना विमान कागदावरच्या आकड्यांनुसार उडते.

काळी जमीन हा वेगळाच विषय आहे. उन्हाळ्यात भेगा पडतात, चाक त्यात अडकून विमान नाकावर येते. मृगाच्या पहिल्या पावसानंतर माती चाकाला चिकटून चाक फिरेनासे होते. मुरूम टाकावा तर खडे उडून प्रोपेलरला लागतात. प्रोपेलर लाकडी आहे. त्याच्या कडेला पितळी पत्रा असतो. तो उचकटला किंवा त्याचा एक रिव्हेट सैल झाला तर इंजिन सुरू करू नका. सगळ्यांत बरी ती रोलर फिरवलेली, गवत राखलेली पट्टी, भेगा मातीने बुजवून.

खरी झीज लाकडात होते. मे महिन्यात दुपारी हवेतील आर्द्रता १५ टक्क्यांवर येते. अशा हवेत उघडे लाकूड वाळून त्यातली ओल ३-४ टक्क्यांवर जाते. ऑगस्टमध्ये आर्द्रता ८५ टक्के, तेव्हा तेच लाकूड १७-१८ टक्क्यांपर्यंत ओल ओढते. वॉर्निश आणि कापड असल्यामुळे पंखातले लाकूड दोन्ही टोकांना पोचत नाही. तरी निम्मा फरक पडतो. स्प्रूस दर एक टक्का ओलीमागे वलयांच्या दिशेने पाव टक्का फुगते-आकसते. लांबीत जवळजवळ नाही. शंभर मिलिमीटर उंचीच्या स्पारमध्ये सात टक्क्यांचा फरक म्हणजे वलयांच्या दिशेने पावणेदोन मिलिमीटर, आडव्या दिशेने एक. धातूची पट्टी आणि बोल्ट मात्र तेवढेच राहतात.

यातून नेहमीची चूक होते. मेमध्ये मेकॅनिक पाहतो की स्पारवरचा बोल्ट सैल आहे, आणि तो घट्ट आवळतो. पावसाळ्यात लाकूड फुगते, वॉशरखाली जागा नसते, तंतू चिरडले जातात. पुढच्या मेमध्ये बोल्ट आधीपेक्षा सैल. पुन्हा आवळला जातो. तीन-चार वर्षांत वॉशर लाकडात रुतलेला दिसतो, भोक लंबगोल होते आणि तारांचा ताण कधीच बसत नाही. बोल्ट वॉशर हाताने फिरू नये इतकाच आवळावा, नटावर आणि लाकडावर रंगाची एक रेघ ओढावी आणि वर्षातून दोनदा, मेच्या शेवटी व सप्टेंबरमध्ये, ती पाहावी. वॉशर रुतला असेल तर आवळणे हा उपाय नाही. स्पार काढून तपासावा लागतो.

सरसाची गोष्ट याहून महत्त्वाची. त्या काळची विमाने केसीनने जोडलेली आहेत. केसीन म्हणजे दुधातले प्रथिन, त्यात चुना मिसळून केलेला सरस. कोरडे असेपर्यंत मजबूत. पण लाकडातली ओल वीस टक्क्यांच्या आसपास गेली आणि तशीच राहिली की बुरशी आणि जिवाणू त्याला खातात. बाहेरून काही दिसत नाही. नंतर आलेला युरिया फॉर्मल्डिहाइड सरस पाण्याला बरा, रिसॉर्सिनॉल उत्तम. आता इपॉक्सी वापरतात. आपल्याकडे त्याची अडचण उलट आहे. गडद रंगाचा पंख मेच्या उन्हात सत्तर अंशांपर्यंत तापतो आणि साधे, खोलीच्या तापमानाला घट्ट होणारे इपॉक्सी त्याआधीच मऊ पडू लागते. म्हणून उन्हात उभे राहणाऱ्या लाकडी विमानाला पांढरा किंवा चंदेरी रंगच द्यावा. लाल पंख दिसायला देखणा, तरी इथे नको.

तपासणी अशी करावी. पंखाच्या खालच्या बाजूची तपासणीची झाकणे उघडून आधी वास घ्या. कोंदट, मातकट वास आला तर बाकीचे सगळे थांबवा आणि ओलीचे कारण शोधा. बरगडी आणि स्पारच्या सांध्यावर ०.१ मिलिमीटरची फीलर पट्टी घालून पाहा. ती कुठेही शिरली तर सांधा गेला. प्लायवूडवर नाण्याने हलके ठोका. चांगला सांधा टणत्कार देतो, सुटलेला बद्द वाजतो. बोल्टभोवती काळा डाग म्हणजे लोखंड आणि ओल यांची संगत. बारीक टोच्याने दाबून पाहावे, चांगले लाकूड टोच्याला अडते आणि तंतू लांब निघतात. कुजलेल्याचा भुगा पडतो.

आणि ज्या विमानाचा पंख कधी जमिनीला घासला आहे, त्याच्या स्पारच्या वरच्या-खालच्या कडा टॉर्च अगदी आडवा धरून बघाव्यात. रेषेला आडवी, केसासारखी बारीक सुरकुती दिसते. समोरून उजेड टाकला की ती नाहीशी होते. ही दाबाची मोड आहे. तिथले तंतू चिरडलेले असतात, ताण उलटा आला की स्पार तिथेच सरळ तुटतो, कांडी मोडावी तसा. अशी सुरकुती सरस घालून दुरुस्त होत नाही. स्पार बदलावा.

खालच्या कापडाला मागच्या कडेने पाणी निघायला लहान छिद्रे असतात. विदर्भात त्यांचा पहिला शत्रू कुंभारीण माशी. ती मातीचे घर करून छिद्र बुजवते, तसेच वेग मोजणाऱ्या नळीचे तोंड आणि टाकीचे हवेचे भोकही. नळीला झाकण आणि छिद्रांना दर आठवड्याला काडी, एवढे केले तरी पंखात पाणी साचत नाही. उंदीर बरगड्यांचे शिवलेले दोरे कुरतडतात. उधई चाकावाटे चढते. चाके फळीवर, फळीभोवती जळके तेल. शेड हवेशीर हवी, पण पश्चिमेचे ऊन पंखावर येता कामा नये. कूलर शेडमध्ये लावायला हरकत नाही, मे महिन्यात आर्द्रता चाळीसपर्यंत आणली तर लाकडाला बरेच होते. फक्त ओल्या हवेचा झोत थेट पंखावर सोडू नका. ओल मोजायचे यंत्र घ्या आणि लाकूड ८ ते १४ टक्क्यांत राहील असे पाहा.

पेट्रोल पंपावरचे घालू नये. त्यात आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी ओढते, जुन्या कार्ब्युरेटरचे बुचाचे फ्लोट आणि टाकीतले लेप सोडवते.

आता तुमच्या नमुन्याबद्दल. पंखाची रुंदी सुमारे १.३ मीटर धरा. बरगडीच्या पट्ट्या ६ × ६ मिलिमीटर, सांध्यांवर दोन्ही बाजूंनी १.५ मिलिमीटर बर्च प्लायचे तुकडे. फळीवर पूर्ण मापाचे चित्र चिकटवून त्यावर पातळ प्लास्टिक अंथरा, खिळे व ठोकळे ठोकून साचा करा. वाकवायची पट्टी कोमट पाण्यात भिजवून साच्यात वाळू द्या आणि पूर्ण वाळल्यावरच सरस लावा. बरगडी शंभर-सव्वाशे ग्रॅमच्या वर गेली तर सरस जास्त झाला किंवा पट्ट्या जाड झाल्या. एक बरगडी सागवानाचीही करा.

बरगड्या तीस सेंटिमीटर अंतरावर धरल्या तर सरळ उड्डाणात प्रत्येकीवर साधारण १३ किलो येतात. चौपट भार धरला तर ५२. बरगडी उलटी करून स्पारच्या दोन जागांवर टेकवा, कारण उड्डाणात भार खालून वर येतो. वाळूच्या लहान पिशव्या ठेवा. दोन तृतीयांश वजन पुढच्या अर्ध्यात. ५२ किलोला दहा मिनिटे थांबून तडा नाही ना ते पाहा आणि मग तुटेपर्यंत वाढवा. तुटलेला सांधा फेकू नका. दोन्ही बाजूंना लाकडाचे तंतू चिकटून आले असतील तर सरस लाकडापेक्षा मजबूत निघाला. एक बाजू गुळगुळीत, चकचकीत सुटली असेल तर पृष्ठभाग तेलकट होता, शिकंजा उशिरा लागला किंवा सरस आधीच वाळला होता. सागवानाच्या बरगडीत अर्धे सांधे ॲसिटोनने पुसून आणि अर्धे न पुसता चिकटवा, म्हणजे विद्यार्थ्यांना हा फरक एकाच बरगडीत दिसेल.